चिंगीची थरथर : ‘वय झालं’ म्हणण्याआधी

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आमची मांजर चिंगी साडेचौदा वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिला किडनीचा आजार निघाला. चार महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ३.४ होतं. आठवड्यातून तीनदा मी घरीच तिला कातडीखाली सलाईन देते, तेवढं शिकून घेतलंय. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवते. महिन्याभरापासून तिचं अंग उडतंय. आधी फक्त झोपेत पाय आणि कान उडायचे. आता जागेपणीही मागचे पाय थरथरतात, आणि गेल्या रविवारी वाटीपाशी उभी असताना डोकं दोन-तीनदा झटकल्यासारखं हललं. सोफ्यावर उडी मारणं तिने बंद केलंय. रात्री दोन-तीनला उठून मोठ्यानं ओरडते. भूक लागायची मिर्टाझापिनची गोळी एक दिवसाआड होती, पण खातच नव्हती म्हणून आम्ही ती रोज सुरू केली. सासूबाई म्हणतात, सलाईननं तिला थंडी भरते. त्या दिवागावच्या मावशींकडची मांदेली तिला कच्चीच देतात, कारण शिजवलेली ती हुंगून सोडते. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वय झालं, किडनीच्या मांजरांना असं होतंच. मुलगा कुठेतरी वाचून आला आणि म्हणाला, आई, हा शेवट असतो. खरंच शेवट आहे का? तिला त्रास होत असेल का?

– चिंगीची आई, ऐरोली

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देते. तो डोक्यात असेपर्यंत पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा चिंगीचा शेवट आहे असं मला वाटत नाही. मांजरांच्या किडनीच्या आजाराचे चार टप्पे मानतात आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारी घाण, २.९ ते ५ असलं की तो तिसरा. या टप्प्यावरची मांजरं नीट सांभाळली तर महिनोन्‌महिने, काही तर त्याहून बरीच जास्त, खाऊन-पिऊन राहतात. चार महिन्यांत तिचा आकडा पुढे सरकलेला असू शकतो, त्यामुळे रक्त पुन्हा तपासायचंच आहे. पण नुसत्या थरथरीवरून मुलाने जो निष्कर्ष काढला तो घाईचा आहे.

‘वय झालं’ या उत्तराचा मला राग येतो, आणि तो सगळ्यात आधी माझ्यावरच येतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी चरईतला एक बोका माझ्याकडे यायचा. तेरा वर्षांचा, किडनी अधू झालेला, स्वभावानं फार गोड. त्याला घेऊन येणारे आजोबा एकदा म्हणाले, डॉक्टर, हा हल्ली बसल्या बसल्या थरथरतो आणि रात्री ओरडतो. मी त्याचं वजन केलं, पोट चाचपलं आणि म्हणाले, आजोबा, वय झालंय त्याचं. अकराव्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा बोका टेबलाच्या पायाला धडकत होता. रक्तदाब इतका चढला होता की दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते. माझ्या दवाखान्यात तेव्हा मांजरांचं बीपी मोजायचं यंत्र नव्हतं, आणि ते कुठे आहे हे शोधण्याचे कष्टही मी घेतले नव्हते. गोळी सुरू केली, थरथर थांबली, ओरडणं थांबलं, पण दृष्टी परत आली नाही. यंत्र मी त्याच महिन्यात घेतलं. तेव्हापासून पोटॅशियम आणि बीपी हे दोन आकडे हातात आल्याशिवाय किडनीच्या मांजराच्या थरथरण्याबद्दल मी मत देत नाही. तुम्हीही हे दोन आकडे मिळाल्याशिवाय कुणाचं मत घेऊ नका, माझंही नाही.

आता पोटॅशियमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच दिसतंय. धड किडनी रक्तातलं पोटॅशियम हवं तेवढं राखून ठेवते. आजारी किडनीला ते धरून ठेवता येत नाही. चिंगी दिवसभर पाणी पिते आणि वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठे मोठे गोळे होतात, हो ना? त्या लघवीबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. त्यात ती खाते कमी, म्हणजे आत येणारंही कमी. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५.५ मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं माप) असायला हवं. तीनच्या खाली उतरलं की स्नायूंना आखडायला आणि सैल व्हायला जी ताकद लागते तीच कमी पडते. पहिली जाते ती उडी. मग मागचे पाय उभ्या उभ्या थरथरतात, मांजर टाचा टेकवून चालू लागतं, आणि फार उतरलं तर मान पडते. हनुवटी छातीला लागते आणि तुमच्याकडे बघायचं तर ते डोळे वर करून बघतं. कुत्र्याच्या मानेत मागच्या बाजूनं एक जाड पट्टा डोक्याला आधार देतो. मांजरीत तो नसतो, तिची मान निव्वळ स्नायूंच्या जोरावर उभी असते. म्हणून मांजरीत ही खूण इतकी ठळक दिसते. चिंगीची मान अशी झाली तर उद्याची वाट बघू नका.

तुम्हाला वाटेल, आम्ही सलाईन देतोय, त्यात असेल की पोटॅशियम. तुमची बाटली रिंगर लॅक्टेटची असणार. तिच्यात पोटॅशियम असतं, पण लिटरला अवघं ४ मिलिइक्विव्हॅलंट. एका वेळी १०० मिलि दिलंत तर त्यातलं किती अंगात गेलं याचा हिशेब तुम्हीच करा. उलट सलाईननं लघवी वाढते आणि लघवीबरोबर आणखी थोडं निघून जातं. याचा अर्थ सलाईन बंद करायचं असा नाही, ते चिंगीला हवंच आहे. डॉक्टरांना गरज वाटली तर ते बाटलीतच पोटॅशियम मिसळून देतात किंवा तोंडानं द्यायचं औषध लिहून देतात. ग्लुकोनेट किंवा सायट्रेट या रूपात ते मिळतं, खाण्यात कालवता येतं. काही मांजरं दोन-चार दिवसांत उठून पुन्हा खिडकीत जाऊन बसतात. असं एक मांजर बघितलं की ‘किडनीच्या मांजरांना असं होतंच’ हे वाक्य पुन्हा तोंडून निघत नाही.

पण ते स्वतःच्या मनानं सुरू करू नका. पोटॅशियम जास्त झालं तर हृदय बंद पडतं, आणि लघवी नीट होत नसलेल्या मांजरात ते फार झटकन चढतं. कुणीतरी शहाळ्याचं पाणी द्या म्हणून सांगेलच, आपल्याकडे तो पहिला सल्ला असतो. शहाळ्यातून किती गेलं हे मोजता येत नाही आणि मांजरीला ते भरवण्यात तिचा जीव नकोसा होतो. मोजून दिलेलं औषध हवं, आणि दहा-पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा बघायला हवं.

एक गोष्ट मात्र रक्त देतानाच सांगा. ‘किडनी प्रोफाइल’ असं लिहिलेल्या रिपोर्टात पोटॅशियम असतंच असं नाही. बऱ्याच ठिकाणी त्यात युरिया, क्रिएटिनिन, फॉस्फरस एवढंच येतं आणि इलेक्ट्रोलाइट्स (पोटॅशियमसारखे क्षार) वेगळे मागावे लागतात. तुमचा चार महिन्यांपूर्वीचा कागद काढून बघा, मला वाटतं त्यावर ती ओळच नसेल. त्याच रक्तात फॉस्फरस, कॅल्शियम, साखर आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा. फॉस्फरस साठत गेला की कॅल्शियमचं गणित बिघडतं, आणि कॅल्शियम उतरलं तर चेहरा, कान, मिशा उडायला लागतात, अंगाला पीळ बसतो. किडनीच्या आजारात एकूण कॅल्शियमचा आकडा फसवा असतो, शक्य असेल तिथे आयोनाइज्ड, म्हणजे रक्तातलं मोकळं, कॅल्शियम मागा. वयाच्या मानानं थायरॉइडची टी-४ ही तपासणीही एकदा व्हावी. थायरॉइड वाढलेल्या मांजरी भरपूर खाऊनही वाळतात, थरथरतात, रात्री ओरडतात. चिंगीची भूक बघता ते दिसत नाही, पण सोबत दुसरं दुखणं असलं की नेहमीचं चित्र बदलतं.

आता रक्तदाब. किडनीच्या आजाराच्या पाच मांजरांमागे एकीला तरी तो असतो, आणि तरी आपल्याकडे मांजरीचं बीपी मोजायची पद्धत अजून रुळलेली नाही. तापमान घेतात, वजन करतात, बीपी राहून जातं. रात्री दोनला उठून मोठ्यानं ओरडणं, मधेच डोकं झटकल्यासारखं हलणं, हे मी बीपी बघितल्याशिवाय सोडणार नाही. घरी एवढं करा : संध्याकाळी दिवा लावल्यावर तिच्या डोळ्यांकडे बघा. उजेडात बाहुली बारीक चिरेसारखी व्हायला हवी. भरपूर उजेडातही ती मोठी, काळीभोर, गोल राहत असेल, डोळ्यात लाल झाक दिसत असेल, किंवा ती ओळखीच्या स्टुलाला धडकत असेल, तर त्याच दिवशी निघा. पडदा सुटल्यावर पहिल्या काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत औषध पडलं तर थोडीफार नजर वाचण्याची आशा असते.

मांजरीचं बीपी माणसांसारखंच मोजतात, पुढच्या पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी छोटा कफ बांधून. पहिला आकडा सोडून देतात, मग पाच-सात वेळा मोजून सरासरी काढतात. खोली शांत हवी, शेजारी भुंकणारा कुत्रा नको, आणि मांजर पिंजऱ्यातून बाहेर येऊन पाच-दहा मिनिटं तरी तुमच्या मांडीवर बसलेलं हवं. घाईनं मोजलेला आकडा घाबरल्याचा असतो. १६० च्या वर टिकून राहिला तर औषध, १८० च्या वर तर लगेच. औषध बहुधा अॅम्लोडिपिन, तीच माणसांची गोळी, पण मांजरीला तिचा अगदी चिमुकला तुकडा पुरतो. घरात सासूबाईंची असली तरी त्यातून तोडून देऊ नका. तुकडा किती हे वजनावर आणि आकड्यावर ठरतं, आणि बीपी नको इतकं उतरलं तर उरलीसुरली किडनीही मार खाते.

गोळीवरून मिर्टाझापिन आठवली. ताई, ही तुमची चूक म्हणून मी लिहीत नाहीये. ताटातलं तसंच टाकून निघून जाणाऱ्या जिवाकडे बघत बसणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. पण ही गोळी किडनीच्या मांजरीला एक दिवसाआड लिहितात ती उगाच नाही. तिच्या अंगातून ती सावकाश बाहेर पडते. रोज दिली की आधीची संपायच्या आत पुढची येते आणि साठत जाते. साठली की मांजर अस्वस्थ होतं, फेऱ्या मारतं, मोठमोठ्यानं ओरडतं, थरथरतं, बाहुल्या मोठ्या होतात. म्हणजे तुमच्या पत्रातली रात्रीची ओरड आणि अंग उडणं, दोन्ही यात बसतं. शिवाय माणसांच्या गोळीचे चार तुकडे करताना एक तुकडा हमखास मोठा होतो. रोज गोळी द्यायला कधी सुरुवात केलीत ती तारीख आठवा आणि अंग उडायला लागलं त्या तारखेशेजारी लिहा. दोन्ही जवळ जवळ आल्या तर निम्मं कोडं तिथेच सुटतं. आज रात्रीची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि ‘आम्ही ती रोज देत होतो’ हे स्पष्ट सांगा. संकोच करू नका. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड चालू असेल तर तेही सांगा, त्यानंही थरथर येते. दुखण्यासाठी गाबापेंटिन असेल तर त्यानं पाय लटपटतात, आणि तेही किडनीतूनच बाहेर पडतं.

मांदेलीबद्दल. काही जातींच्या कच्च्या मासळीत एक द्रव्य असतं जे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. शिजवलं की ते द्रव्य नाहीसं होतं. बी-१ फार कमी पडलं तर मांजर लटपटतं, मान खाली घालतं, त्याला आकडीही येऊ शकते. किडनीच्या आजारात बी गटातली जीवनसत्त्वं लघवीवाटे तशीही जास्त जातात. पण हे व्हायला मांजरीचं बरंचसं जेवण आठवडेच्या आठवडे कच्च्या मासळीवर चालावं लागतं. आजी, म्हणजे तुमच्या सासूबाई, दिवसाला दोन-तीन मांदेली देत असतील तर मी त्यांना गुन्हेगार ठरवणार नाही. तरीही कच्ची बंद करा, आणि डॉक्टरांना बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन द्यावं का ते विचारा. ते स्वस्त आहे आणि सहसा अपाय करत नाही.

सलाईनबद्दल मात्र आजींचं अर्धं बरोबर आहे. मांजरीचं अंग ३८ ते ३९ अंशांवर असतं. तीन किलोच्या वाळलेल्या जिवाच्या कातडीखाली फ्रिजमधलं शंभर मिलि पाणी सोडलं तर ती कुडकुडेलच. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बाळाच्या दुधासारखा एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून बघा आणि मगच लावा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, मधेच कुठेतरी ते कढत होतं. बाटलीत गढूळपणा किंवा तंतू दिसला तर फेकून द्या. सलाईननंतर अर्ध्या तासात थांबणारं कुडकुडणं मला घाबरवत नाही. जे कधीही येतं ते घाबरवतं. त्यामुळे थरथर सलाईनच्या दिवशीच होते की इतर दिवशीही, हे लिहून ठेवा. आणि ती गाढ झोपली असताना एका मिनिटात पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजायची सवय लावून घ्या. तीसच्या वर जायला लागलं तर पुढचं सलाईन थांबवून डॉक्टरांना फोन करा. पाणी जास्त झाल्याची ती पहिली खूण असते.

झोपेतलं पाय आणि कान उडणं बहुतेक वेळा स्वप्नातलं असतं. हात लावू नका, नावानं हाक मारा. जागी होऊन तिनं तुमच्याकडे ओळखीनं पाहिलं तर तो निखळ झोपेचा भाग आहे. हाकेनं थांबलं नाही, जबडा चावल्यासारखा हलत राहिला, लाळ आली, खाली लघवी झाली आणि नंतर ती बराच वेळ भांबावलेली राहिली, तर ती आकडी. चेहऱ्याच्या एकाच बाजूला येणारी, काही सेकंदांची छोटी आकडीही असते. लोक तिला माशी बसली असेल म्हणून सोडून देतात. रविवारी वाटीपाशी जे झालं ते यातलं असू शकतं, नसूही शकतं. पत्रावरून मला ते ठरवता येत नाही.

म्हणून व्हिडिओ. मोबाइल हाताशी ठेवा आणि पुढच्या वेळी तिला सावरायला धावण्याआधी तीस सेकंद चित्रण करा. मला माहीत आहे, आपलं लेकरू थरथरत असताना फोन धरायला हात उचलत नाही. पण दवाखान्यात नेलं की मांजर दगडासारखं स्तब्ध बसतं, एक मिशीसुद्धा हलत नाही, आणि डॉक्टरला तुमच्या शब्दांशिवाय काही मिळत नाही. चित्रणात तिचं पूर्ण अंग आणि चेहरा दोन्ही येऊ द्या, आणि मधे एकदा तिला हाक मारा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दूधवाल्याचे खाडे लिहिता तिथेच, वेळ, किती सेकंद, कुठला भाग आणि त्याआधी काय झालं होतं हे चार शब्दांत लिहीत जा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उडी बंद होण्यात सांध्यांचाही वाटा असेल. २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले होते, त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज होती. पण दुखतंय म्हणून माणसांची गोळी कधीही देऊ नका. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्याची एक गोळी मांजरीचा जीव घेते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक किडनी संपवतात. आणि पावसाळ्यात पिसवा झाल्या तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचं थेंबांचं औषध हिला लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर काही तासांत थरथरायला लागतं आणि मरूही शकतं. लावलं गेलंच असेल तर कोमट पाण्यानं, भांड्याच्या साबणानं अंग धुऊन थेट दवाखाना.

तुम्ही विचारलंत, तिला त्रास होतोय का. झोपेतलं उडणं तिला कळतही नाही. पोटॅशियम उतरलेलं असेल तर हो, होतोय. ते स्नायू ठणकतात. कंबरेखाली हात घालून उचलताना ती कुरकुरली किंवा वळून चावायला आली तर तो राग समजू नका. बीपी चढलेलं मांजर कोपऱ्यात डोकं टेकवून बसतं, त्याला उजेड-आवाज नकोसा होतो. म्हणजे त्रास असेल तर तो बराचसा कमी करता येण्याजोगा आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला इतकं घाईनं पाठवते आहे.

सगळ्यात अवघड शक्यताही सांगते, ती लपवणं तुमच्यावर अन्याय होईल. किडनी फारच थकली की रक्तात साठलेली घाण मेंदू आणि नसांपर्यंत जाते, आणि त्यानंही अंग उडतं. पण ते एकटं येत नाही. त्याबरोबर तोंडाला घाण वास, तोंडात फोड, सततच्या उलट्या, अंग गार, कुणाकडेही न बघणं असं सगळं असतं. क्रिएटिनिन ५ च्या पुष्कळ वर गेलेलं असतं. तिथेही कधी कधी दोन-चार दिवस शिरेतून सलाईन देऊन मांजर परत येतं, कधी नाही येत. चिंगी तिथे आहे असं तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीतून दिसत नाही. उद्या तो रिपोर्ट आलाच तर मला लिहा, आपण त्या वळणाबद्दलही बोलू.

पाच मिनिटांहून जास्त चाललेली आकडी, चोवीस तासांत दोन आकड्या, अचानक दिसेनासं होणं, तोंड उघडून श्वास, चोवीस तास लघवी नसणं, किंवा मागचे पाय एकदम लुळे आणि गार पडून ती किंचाळणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघायचं. आधी फोन करून दवाखाना उघडा आहे ना हे विचारा. आकडी चालू असताना तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. खोलीत अंधार करा आणि जवळच्या वस्तू सरकवा.

तूर्त मात्र रात्री पळायची गरज नाही, या दोन-तीन दिवसांत जा एवढंच. रक्त ऐरोलीत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच द्या. ते तिला ओळखतात, आणि यादी हातात दिलीत तर करतीलही. चिडून जाऊ नका. ‘डॉक्टर, पोटॅशियम आणि बीपी एकदा बघून टाकू’ एवढंच म्हणा. बीपीसाठी दवाखान्यांना फोन करताना नेमके दोन प्रश्न विचारा : डॉप्लर (नाडीचा आवाज ऐकवणारं बीपीचं यंत्र) आहे का, आणि मांजरीच्या मापाचा कफ आहे का. ‘बीपी होतं’ एवढ्यावर समाधान मानू नका. ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाणे जवळ आहे, आधी तिथे विचारा. तिथेही जमलं नाही तर परळला, १८८६ पासून चालू असलेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बाई साकरबाई रुग्णालय आहे, आणि महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालंय. पण साडेचौदा वर्षांच्या मांजरीला ऐरोलीहून तिथवर न्यायचं म्हणजे वाटेतच तिचा जीव अर्धा होतो. त्यामुळे आधी जवळपास शोधा आणि नेलंच तर दुपारची वेळ घ्या, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत नको. पिंजऱ्यात तुमची न धुतलेली जुनी ओढणी अंथरा आणि वरून चादर टाका. बाहेरचं दिसलं नाही की मांजर बरंच शांत राहतं.

घरात तोवर सोफ्याला लागून एक पाट, त्याच्याखाली दुसरा, अशी पायरी करा. गुळगुळीत लादीवर तिच्या वाटेत गोणपाट किंवा जुन्या सतरंजीचे तुकडे टाका. थरथरत्या पायांना लादी धरता येत नाही. ट्रेची एक बाजू कापून ठेंगणी करा. रात्री छोटा दिवा चालू ठेवा. बीपीनं नजर अधू झाली असेल तर तिला त्यानं धीर येईल.

आणि आजींना माझ्याकडून सांगा, मांदेली अगदी सोडायला नको. मासळीत फॉस्फरस जास्त म्हणून ती पोटभर नको, पण एक मांदेली मीठ-हळद न घालता उकडायची, काटे काढून बोटांनी कुस्करायची आणि किडनीच्या खाण्यावर वरून कोमट असतानाच भुरभुरायची. गार झाली की वास जातो, म्हणूनच ती हुंगून सोडत असेल. बाटली कोमट करायचं कामही त्यांच्याकडेच द्या. थंडी त्यांनीच ओळखली होती.

पोटॅशियमचा आकडा आणि बीपीचे सगळे, नुसती सरासरी नव्हे, आकडे मला कळवा. मिर्टाझापिन रोज सुरू केल्याची तारीखही.

– तुमची डॉक्टर